जेवलीस का?

"पोरगी बापाकडनं परत आली की तिला काय म्हंजे काय विचारू नगंस. जेवलीस का, एवढंसुदीक नगं."

मालनकाकू हे बोलल्या तेव्हा आमची ओळख जेमतेम अर्ध्या तासाची होती. सांगलीच्या कौटुंबिक न्यायालयाच्या तळमजल्यावर, मुलांच्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. आईबाप वेगळे झाले की मूल ज्याच्याकडे राहत नाही, त्याला ते या खोलीत येऊन भेटतं. भिंतीवर कुणीतरी हौसेने रंगवलेला जिराफ, एका पायाने अधू झालेला लाकडी घोडा, प्लास्टिकची घसरगुंडी. मधल्या काचेतून मला माझी जुई दिसत होती आणि तिच्यासमोर मांडी घालून बसलेला तिचा बाप, संमेद. तो तिला कागदाची होडी करून देत होता. संमेदला होडी कधीच जमली नाही, हे मला माहीत होतं. जुईला अजून माहीत नव्हतं, म्हणून ती डोळे मोठे करून बघत होती.

"जेवलीस का, यात काय आहे काकू?" मला हसूच आलं. "ते तर आपण दारात आलेल्या कुणालाही विचारतो."

"दारात आलेल्याला विचार की. दोन दारांच्या मधी उभं ऱ्हायलेल्याला नगं."

मी मान डोलावली आणि पुन्हा काचेतून बघू लागले. काकू तासगावहून यायच्या, आपल्या नातीला भेटायला. मुलगा मस्कतला, सून तिच्या माहेरी. मुलाच्या वतीने नातीला भेटायला काकू एसटीने यायच्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत बेदाण्यांची पुडी आणि एक स्टीलचा डबा. त्या दिवशी त्यांची नात आली नव्हती. "येतीया," त्या म्हणाल्या, "तिच्या आईला सवड गावायची असती."

मोठी माणसं काही ना काही सांगत असतात, आपण हो म्हणावं, असा माझा तेव्हा खाक्या होता. शिवाय माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. खोलीतल्या भेटी नीट पार पडल्या, तर दिवाळीनंतर पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी बापाला मुलगी घरी नेता येईल, असं न्यायाधीशांनी आदेशात लिहिलं होतं. इथे निदान काच होती. घरी नेलं की काच नाही. तिथे ती काय खाईल, कुठे पडेल, रडली तर कोण घेईल, मला काहीच दिसणार नव्हतं.

दिवाळीनंतर तसंच झालं.

शनिवारी सकाळी संमेद स्कूटरवरून विश्रामबागेतल्या आमच्या फाटकापाशी यायचा. मी जुईला उपीट भरवून, वर अर्धं केळं देऊन, केसांचे दोन बो घालून खाली उभी असायचे. तो हेल्मेट काढायचा नाही, स्कूटर बंद करायचा नाही. मी बोलायचे नाही. जुई पुढे उभी राहायची, हँडल धरायची आणि स्कूटर निघायची. संध्याकाळी सात वाजता ती तशीच परत यायची. आमचं जे काही बोलणं व्हायचं ते दोन वकिलांमार्फत, कागदावर. त्या कागदांत संमेदचा 'सामनेवाला' झाला होता आणि माझी 'अर्जदार'. जुईचा उल्लेख 'अज्ञान मुलगी' असा असायचा. कायद्यात अज्ञान म्हणजे अठराच्या आतली, हे कळत असूनही प्रत्येक वेळी मला ते टोचायचं.

पहिल्या शनिवारी परत आल्यावर जुई काय म्हणाली, ते मला आठवत नाही. त्यानंतरचं मात्र लख्ख आठवतं.

"जेवलीस का गं?"

"नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

मी तिला कडेवर घेतलं, तशीच स्वयंपाकघरात नेलं, ओट्यावर बसवलं. वरणभात, तूप, लिंबाची फोड. ती एकेक घास सावकाश, शहाण्यासारखी गिळत होती. मध्येच थांबायची, माझ्याकडे बघायची आणि पुन्हा आ करायची. तिचा हात पुसताना मला हिंगाचा वास आला. साबणाने धुतलेल्या हातालाही येईल इतका. आज्जीच्या डब्यांशी खेळली असेल, असं मनाशी म्हणून मी हात पुसून टाकला.

एरवी मी इतक्या सहज विश्वास ठेवला नसता. पण चौगुल्यांचं, म्हणजे माझ्या सासरचं, घर मला आतून माहीत होतं. ते जैन. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची, मग ओटा धुऊन, पुसून कोरडा. मी लग्न करून आले ती रात्री नऊला जेवणाऱ्या घरातून. सासूबाईंनी माझ्यावर कधी काही लादलं नाही, कधी नाही म्हटलं नाही, पण तो कोरडा ओटा बघितला की मागायचा धीरच व्हायचा नाही. जुईच्या वेळी सातवा महिना होता. दिवस मावळला की मला अशी भूक लागायची की डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हा संमेद कामावरून येताना शर्टाच्या आत भडंगाची पुडी लपवून आणायचा. आम्ही गॅलरीत, चप्पल-स्टँडच्या आडोशाला उभं राहून ती खायचो, आणि कुरकुर आवाज होऊ नये म्हणून तो खोकायचा.

भडंगाची गंमत पुढे विसरून गेले. कोरडा ओटा मात्र राहिला. थंडीत सूर्य लवकर मावळतो. पोर खेळत राहिली असेल, वेळ टळली असेल, आणि त्या घरात वेळ टळली की टळली, असं माझं मीच ठरवून टाकलं.

दर वेळी तेच. जेवलीस का? नाही. रविवारी तिचं पोट दुखायचं, सोमवारी शाळा बुडायची. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, जंताचं औषध दिलं. "खाण्याच्या वेळा सांभाळा," म्हणाले. मी घरी येऊन रडले. वेळा माझ्या हातात होत्या कुठे?

माझ्या वकील नांद्रेकर मॅडम चष्मा कपाळावर सरकवून सगळं ऐकत. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावर एक तरतरी आली.

"हे फार महत्त्वाचं आहे. उपाशी ठेवतात. डॉक्टरांचे कागद आहेत ना? मग अर्ज देऊ. घरी नेणं बंद, भेट पुन्हा कोर्टाच्या खोलीत, तीही देखरेखीखाली."

"पण तिला बापाकडे जायला आवडतं हो. आदल्या दिवशीपासून पिशवी भरून बसते."

"आवडतं आणि हिताचं असतं, यात फरक असतो. कायदा हित बघतो."

मी सही केली. घरी आले तेव्हा जुई चित्र काढत होती. एक घर, त्याला दोन दारं. "दोन कशाला गं?" मी विचारलं. "एकातून आत जायचं आणि एकातून बाहेर," ती म्हणाली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कुकर लावायला गेले.

सुनावणी लागली ती नेमकी पहिल्या शनिवारी. पुकारा झाला. न्यायाधीशांनी अर्ज वाचला, डॉक्टरांचे कागद चाळले, संमेदकडे बघितलं. संमेदचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"साहेब, हे खोटं आहे," तो म्हणाला. "उलट मुलगी आमच्याकडे येते ती उपाशी. आमचाही अर्ज तयार आहे."

"काय?" मी भर कोर्टात ओरडले. नांद्रेकर मॅडमनी माझा दंड दाबला.

न्यायाधीशांनी दोघांचे चेहरे निरखले. मग म्हणाले, "दुपारच्या सुट्टीनंतर मुलीला माझ्या चेंबरमध्ये पाठवा. मी तिच्याशी बोलेन. एकटीशी. तोवर दोघंही मुलांच्या खोलीत बसा, तिच्याजवळ."

जिना उतरताना नांद्रेकर मॅडम माझ्या कानाशी आल्या. "साहेब प्रेमाने विचारतील, घाबरायचं काही नाही. तिने आपलं रोजचं तेवढं सांगायचं, की आज्जीकडे जेवण मिळत नाही. बास. मग आपलं झालंच."

खोलीत मालनकाकू होत्याच. पिशवी मांडीवर, डोळे दाराकडे. जुई त्यांच्या शेजारी त्या लंगड्या घोड्यावर बसून डुलत होती.

"काय म्हणाला साहेब?" त्यांनी विचारलं.

"जुईला आत बोलावणार आहेत. विचारायला."

काकू नुसत्या जुईच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मी माझा डबा काढला. मेथीचे पराठे, दही, गुळाचा खडा. भिंतीच्या त्या बाजूला संमेद त्याच्या आईने दिलेला डबा सोडत होता. दोन वर्षांत आम्ही एका खोलीत, मध्ये काच नसताना, पहिल्यांदाच बसत होतो. त्याने झाकण काढलं. मुगाची खिचडी, वर तूप आणि हिंगाची खमंग फोडणी.

वास खोलीभर पसरला आणि माझा हात जागच्या जागी थांबला. हा वास मी ओळखत होते. चार वर्षांच्या संसारातला म्हणून नव्हे. शनिवार संध्याकाळचा, जुईच्या बोटांचा म्हणून.

पण तो विचार पुरता होईपर्यंत तोंडातून सवयीने शब्द गेलेच. आणि त्याच क्षणी संमेदच्याही तोंडून तेच गेले.

"जुई, जेवलीस का?"

जुई घोड्यावर डुलायची थांबली.

तिने माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. पुन्हा माझ्याकडे. तिचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. परीक्षेत पाठ असलेलाच प्रश्न यावा आणि पाठ केलेलं उत्तर तिथे बसू नये, तशी तिची नजर भिरभिरली. मग ती घोड्यावरून उतरली, माझा डबा उचलून खोलीच्या मध्यावर ठेवला, त्याचा डबा उचलून त्याच्या शेजारी ठेवला आणि खाली बसली.

पराठ्याचा एक तुकडा. माझ्याकडे बघितलं. खिचडीचा एक चमचा. त्याच्याकडे बघितलं. पुन्हा तुकडा, पुन्हा चमचा. आम्ही दोघं बघत राहिलो. मला वाटलं, किती भूक लागलीय पोराला. त्यालाही बहुधा तेच वाटलं असेल. घास लहान होत गेले, पण थांबले नाहीत. ती गालात साठवून गिळू लागली. कपाळावर घाम आला.

"बास," मालनकाकू म्हणाल्या आणि त्यांनी जुईचं मनगट धरलं. "बास कर बाय. पोट फुटंल तुझं."

"संपवायचंय," जुई म्हणाली. "दोन्ही."

आणि तिला भडभडून उलटी झाली.

संमेद पाण्याची बाटली घेऊन धावला. मी ओढणीने तिचं तोंड पुसलं. तो फरशी पुसायला काही सापडेना म्हणून खिशातला रुमाल, मग सुनावणीच्या कागदांचं वरचं प्लास्टिक, हाताला येईल ते घेऊन गुडघ्यांवर बसला. जुई थरथरत होती.

"मी मुद्दाम नाही सांडलं."

"असू दे गं," काकू म्हणाल्या. "फरशीच हाय. फरशी काय कोर्टात सांगतीया व्हय?"

जुईला त्याचं जरासं हसू आलं. मग ती काकूंच्या मांडीत तोंड खुपसून बोलू लागली. आमच्याशी नाही, काकूंशी. पण आम्ही दोघं हाताच्या अंतरावर होतो.

"आज्जी, ते साहेब विचारणार आहेत ना, जेवलीस का? मग मी कुणाचं सांगू?"

"म्हंजे गं?"

"आईला नाही म्हणते. बाबाला पण नाही म्हणते. साहेबांना काय म्हणू?"

"खरं काय हाय ते."

"खरं तर मी दोनदा जेवते." ती बोटांवर मोजत म्हणाली. "सकाळी आईचं उपीट. मग तिकडची आज्जी विचारते, आईनं काय दिलं? मी म्हणते, काही नाही. मग ती शिरा करते. संध्याकाळी ऊन असतं तेव्हा आज्जी मला एकटीला आधी वाढते. मग घरी आले की आई विचारते. मग वरणभात."

"आन् पोट दुखत न्हाई व्हय?"

"दुखतं की. रविवारी."

संमेदचा पुसणारा हात थांबला होता. मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "पण मग जेवले म्हणून का नाही सांगितलंस, बाळा?"

जुईने काकूंच्या मांडीतून एक डोळा वर काढला.

"पहिल्यांदा सांगितलं होतं. हो म्हटलं होतं. तू 'बरं' म्हणालीस आणि आत निघून गेलीस." ती जरा थांबली. "नाही म्हटलं की तू कडेवर घेतेस. आज्जी पण घेते. हो म्हटलं की कुणीच नाही घेत."

बाहेर शिपाई कुणाचा तरी पुकारा करत होता. मी जुईला घेतलं. ती नाही म्हणाली नव्हती, हो म्हणाली नव्हती, मी काही विचारलंच नव्हतं. नुसतं घेतलं.

काकूंनी जुईला पाणी पाजायला नळाकडे नेलं आणि खोलीत आम्ही दोघंच उरलो. तो जिराफाखाली टेकून बसला होता, हातात तो ओला रुमाल.

"मला वाटलं तू तिला उपाशी पाठवतेस," तो म्हणाला. "सकाळची घाई, कॉलेजची नोकरी, एकटी. मी वकिलाला तसंच सांगितलं."

"उपीट खाऊन यायची ती. वर केळं."

"मला काय माहीत? तू कधी बोललीस?"

"तू स्कूटर कधी बंद केलीस?"

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "आणि तुला वाटलं आईने ओटा पुसून ठेवला असेल."

मी माझा डबा उचलून झाकण लावलं.

"आई हल्ली शनिवारी दुपारपासून खिडकीत बघत असते. ऊन कुठवर आलंय म्हणून. पोरीचं जेवण उन्हात झालंच पाहिजे. ती एकटी जेवते म्हणून आई समोर बसून गोष्ट सांगते. तुझ्या वेळी चुकलं असं म्हणाली एकदा. गरोदर बाईला मागायला लावायला नको होतं, म्हणाली."

"त्यांना माहीत होतं?"

"भडंग चप्पल-स्टँडमागे खाल्लं की सगळे चुरमुरे चपलांत पडतात केतकी. सकाळी झाडायचं कोण?"

मला हसू फुटलं. तोही हसला. मग दोघांच्याही लक्षात आलं की आपण हसतोय. तो संसार काही परत येणार नव्हता, आणि दोघांनाही तो परत नको होता. पण नळापाशी ओंजळीने पाणी पीत असलेली ती पोर दोघांनाही हवी होती.

"साहेब तिला विचारणार आहेत," मी म्हटलं.

"हो."

"ती आज जे बोलेल, त्यावरून आपल्यातला एक जिंकेल आणि एक हरेल. आणि हे तिला आयुष्यभर आठवेल, संमेद."

त्याने वर बघितलं. मग उठून रुमाल खिशात कोंबला. "चल," म्हणाला.

नांद्रेकर मॅडम दारातच भेटल्या. "तयार आहे ना मुलगी?"

"मॅडम, अर्ज मागे घ्यायचाय."

"वेड लागलंय का तुम्हाला? आपली बाजू भक्कम आहे. आणि त्यांचा अर्ज आला म्हणजे? उद्या ताबाच मागतील!"

भीती वाटली नाही असं नाही. संमेदने उद्या शब्द फिरवला, तर माझा मागे घेतलेला अर्ज माझ्याच अंगाशी आला असता. मी त्याच्याकडे बघितलं. तो त्याच्या वकिलाशी हळू आवाजात तेच बोलत होता, आणि त्याचा वकीलही त्याला वेड्यातच काढत होता. ते बघून मला जरा धीर आला.

न्यायाधीश चेंबरमध्ये चहा घेत होते. "मुलगी कुठे आहे?"

"साहेब," मी म्हटलं, "तिला आत बोलावू नका. तिला काही विचारू नका. जे आहे ते आम्ही दोघं सांगतो."

आम्ही सांगितलं. मध्ये मी अडखळले तिथे तो बोलला, तो अडखळला तिथे मी. न्यायाधीशांनी कप खाली ठेवला तो तसाच राहिला. सगळं ऐकून ते म्हणाले, "कायद्यात ताबा आहे, भेट आहे, पोटगी आहे. जेवलीस का, याचं कलम नाही. तुम्हाला नेमकं काय हवंय?"

संमेद म्हणाला, "शनिवार आहे तसाच राहू द्या. फक्त एक अट घाला. आमच्या दोघांवर. मुलीने काय खाल्लं, ती रडली का, झोपली का, हे तिला विचारायचं नाही. जो सोडायला येईल त्याने घेणाऱ्याला स्वतः सांगायचं. तोंडाने."

"म्हणजे तुम्हाला एकमेकांशी बोलावं लागेल."

"हो साहेब."

"तिच्यासमोर, आणि सभ्यपणे."

"हो साहेब," मी म्हटलं.

ते लघुलेखकाला सांगू लागले. मध्येच थांबून चष्मा पुसला आणि म्हणाले, "अशी अट मी आजवर लिहिली नव्हती."

पुढच्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी फाटकापाशी स्कूटर आली. संमेदने किल्ली फिरवली आणि इंजिन बंद झालं. त्या अचानक शांततेत जुईने चमकून मागे बघितलं. त्याने हेल्मेट काढलं. कपाळावर त्याचा वळ उमटला होता.

"पाच वाजता जेवलीय," तो म्हणाला. "आमटीभात, भोपळ्याची भाजी. भाजी टाकली अर्धी. दुपारी तासभर झोपली. गुडघा खरचटलाय, हळद लावलीय."

"बरं," मी म्हटलं.

'बरं' म्हटलं आणि एकदम आठवलं. मी आत वळले नाही. वाकून जुईला उचललं. ती चांगलीच जड झाली होती. तिने माझ्या मानेला मिठी मारली आणि खांद्यावरून बापाला टाटा केला. त्या रविवारी तिचं पोट दुखलं नाही.

आता जुई अकरा वर्षांची आहे. मला चिपळूणला कायमची नोकरी लागली, आम्ही इकडे आलो, ती सुट्ट्यांना सांगलीला जाते. एसटी स्टँडवर संमेद मला सगळं सांगतो आणि जुई कंटाळून म्हणते, "झालं का तुमचं बुलेटिन?"

हे आज लिहायचं कारण निराळं आहे. परवा आमच्या ओळखीच्या एका वकीलबाईंनी विचारलं, ताब्याच्या आणि पोटगीच्या कायद्यात काय बदलायला हवं, यावर त्या आईबापांकडून सूचना गोळा करताहेत, तुम्ही काही लिहाल का? मी लिहायला बसले. आमची ती अट लिहिली. दुसरी सूचना लिहायला घेतली ती आज्या-आजोबांबद्दल, ज्यांचं नाव कुठल्याच आदेशात नसतं त्यांच्याबद्दल. तिथे हात अडला.

सुनावणीच्या त्या दिवशी सगळं आटोपल्यावर मी मालनकाकूंचे आभार मानायला खोलीत गेले होते. खोली रिकामी झाली होती. त्या खिडकीजवळ तशाच बसलेल्या.

"तुम्ही सांगितलं होतंत काकू. मी ऐकलं नाही."

"कुणी ऐकतंय व्हय? मी तरी कुठं ऐकलं हुतं कुणाचं?" त्या जिराफाकडे बघत म्हणाल्या. "माझी नात मला म्हणाली, जेवले न्हाई. मी तिच्या आईला हितंच, ह्या घोड्यापाशी, नगं नगं ते बोलले. चार माणसांत. पोर रडाय लागली. तवापासनं येणं कमी झालं. पोराचं तिकडं दुसरं लगीन झालं, मग त्यानं बी लक्ष काढून घेतलं. कागदावर माझं नाव न्हाई. सून आणंल तर आणंल."

"केव्हापासून आणलं नाही?"

"दसऱ्यापासनं."

दसरा होऊन थंडी सरत आली होती. दिवाळीपर्यंत दर भेटीला मी त्यांच्या शेजारी बसले होते, आणि दर वेळी 'येतीया' ऐकून मान डोलावली होती.

"मग तुम्ही कशाला येता काकू, एवढ्या लांबून?"

"आन् ती आली, आन् मी नसले तर?"

मी विचारलं, "जेवलात का तुम्ही?"

"व्हय की. कवाच."

त्या उठल्या तेव्हा पिशवी जमिनीला टेकली. आतला डबा वाजला तो भरल्या डब्यासारखा, जड. मी माझ्या डब्यातला उरलेला पराठा काढला, अर्धा मोडला आणि खाऊ लागले. उरलेला अर्धा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला. आम्ही दोघींनी उभ्या उभ्याच खाल्ला.

त्यांचा फोन आता लागत नाही. मागच्या मे महिन्यात जुईला सोडायला सांगलीला गेले तेव्हा मुद्दाम कोर्टात डोकावले, पण वार मधला होता, खोलीला कुलूप होतं.

तुम्ही त्या बाजूचे असाल, पहिल्या किंवा तिसऱ्या शनिवारी कोर्टात काही काम निघालं, तर तळमजल्यावरच्या त्या खोलीत एकदा डोकावून याल का? खिडकीपाशी एक बाई बसलेल्या असतील, मांडीवर कापडी पिशवी, डोळे दाराकडे. नाव मालन मोहिते. नातीबद्दल काही विचारू नका. जेवलात का, एवढंच विचारा. त्या 'व्हय, कवाच' म्हणतील. त्यावर जाऊ नका. शेजारी बसा आणि आपला डबा उघडा.